इतका मोठा आवाज कशाला? पाच जुन्या क्लिपा आणि समितीसमोरचा एक प्रश्न

मागचे दोन लेख सिनॉप्सिस आणि साहित्याचा आढावा यांवर झाले. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की समितीसमोर बोलायचं कसं, त्यावर लिही. दहा टिपा लिहून देता येतील, पण त्या कुठेही मिळतात. आणि खरं सांगायचं तर टिपा पाठ असूनही मी आपटलेच. म्हणून आज जरा आडवाटेने जाऊ. विषय आहे टीव्हीवरच्या गप्पांच्या आणि करमणुकीच्या कार्यक्रमांत जाऊन बसलेले प्रोग्रेसिव्ह रॉकवाले. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी गोष्ट. मी फेराइटवर काम करते. कोबाल्ट फेराइटमध्ये थोडं थोडं झिंक घालायचं, सोल-जेल पद्धतीने पावडर बनवायची, क्ष-किरण विवर्तनाने रचना तपासायची आणि चुंबकीय गुणधर्म कसे बदलतात ते मोजायचं. एका समितीसमोर दहा मिनिटांचं सादरीकरण होतं. सातव्या मिनिटाला बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी थांबवलं आणि विचारलं, "मॅडम, हे सगळं कशासाठी? दोन वाक्यांत सांगा." मी म्हणाले, "सर, हे दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. पुढच्या तीन मिनिटांत मी काय बोलले ते मलाही आठवत नाही. शेरा आला: विषयाची स्पष्टता नाही.

त्या रात्री हॉस्टेलवर झोप येईना, म्हणून मोबाइलवर काहीबाही बघत होते. रूममेट म्हणाली, "काय बघायलीस गं एवढ्या रात्री? कोण आहेत हे झिपरे?" ते झिपरे म्हणजे १९६७ सालचे पिंक फ्लॉइड होते. समोर खुर्चीत चष्मेवाले एक गृहस्थ बसले होते आणि जवळजवळ माझ्या समितीतलाच प्रश्न विचारत होते.

ज्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही पोरांना तीन मिनिटांची प्रेमगीतं पुरेनाशी झाली. त्यांनी पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ, लोकसंगीत, नवे सिंथेसायझर असं सगळं रॉकमध्ये घातलं. किंग क्रिम्सनची पहिली तबकडी १९६९ची. १९७२ साली येस या बँडचं 'क्लोज टू द एज' आलं, त्यातलं एक गाणं अठरा मिनिटांच्या वर. त्याच वर्षी जेथ्रो टलचं 'थिक ॲज अ ब्रिक' आलं, तिथे तर तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला अठरा मिनिटांचं काय कौतुक? तालाचंही तसंच. पिंक फ्लॉइडचं 'मनी' सात मात्रांत चालतं म्हणून तिकडे केवढी चर्चा झाली, आणि आपल्याकडे भावगीत ऐकणारा माणूसही नकळत रूपकाच्या सात मात्रांवर मान हलवत असतो. पण तिकडच्या टीव्हीचा साचा वेगळा होता. तिथे गाणं म्हणजे तीन मिनिटं, त्याआधी निवेदकाचा विनोद आणि नंतर जाहिरात. (आपलं मुंबई दूरदर्शनही त्याच १९७२ सालचं, २ ऑक्टोबरचं. तेव्हा जाहिरातींची घाई नव्हती, हा भाग वेगळा.)

आता पहिली क्लिप, आणि माझ्या मते पाचांतली सगळ्यात मोलाची. १४ मे १९६७, बीबीसी टू, 'द लुक ऑफ द वीक' नावाचा कलाविषयक कार्यक्रम. दोनच दिवस आधी, १२ मेला, पिंक फ्लॉइडची लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये मैफल झाली होती. मुलाखत घेणारे हान्स केलर सुरुवातीलाच प्रेक्षकांना सांगून टाकतात की मला हे संगीत भयंकर कर्कश वाटतं आणि त्यात तेच तेच फार आहे. मी जरा जास्तच संगीतकार असल्याने मला ते पुरतं भावत नसेल, असाही टोमणा मारतात. पण लगेच जोडतात की यांना श्रोते आहेत, आणि ज्यांना श्रोते आहेत त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. मग बँड 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी' वाजवतो, ओठ हलवून नाही, खरोखर. त्यानंतर सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स केलरसमोर बसतात.

पहिलाच प्रश्न: इतका मोठा आवाज कशाला? मी तंतुवाद्यांच्या चौकडीत वाढलो, म्हणून मला हे सहन होत नाही. वॉटर्स शांतपणे म्हणतो की आम्ही तशा चौकडीत वाढलो नाही, हे एक कारण असेल. आम्हाला तो आवाज मोठा वाटत नाही. आणि आम्हाला असंच आवडतं.

इथे केलर जे करतात ते बघा. ते म्हणतात, चौकडीत न वाढलेला प्रत्येक माणूस काही मोठ्या आवाजाचा पॉप बँड काढत नाही. म्हणजे तुमचं कारण पटण्यासारखं नाही, पण तुम्हाला आवडतं हे मात्र मान्य. मी हे ऐकलं आणि उठून बसले. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात 'आवश्यक अट' आणि 'पुरेशी अट' यांच्यावर डोकं फोडलंय ना आपण? हे तेच आहे. गप्पांच्या कार्यक्रमात, हसत हसत, एका वाक्यात. माझ्या पावडरीतही हेच लागू होतं. झिंक घातलं आणि चुंबकत्व बदललं म्हणून झिंकमुळेच बदललं असं होत नाही. कणांचा आकारही बदललेला असू शकतो. तापवण्याचं तापमान सारखं ठेवलं होतं का, हा प्रश्न केलरचा प्रश्न आहे.

यूट्यूबवर या क्लिपखाली केलरची भरपूर टिंगल आहे. खडूस म्हातारा, नव्याचा द्वेष करणारा, वगैरे. क्लिपेतून तसं वाटतंही. पण स्रोत वाचताना लिहिणारा कोण आहे हे बघायचं असतं, असं आपण आढावा लिहिताना घोकतो. मग बोलणारा कोण तेही बघू. केलर १९१९ साली व्हिएन्नात जन्मलेले ज्यू. १९३८ मध्ये नात्सींपासून जीव वाचवून इंग्लंडात आले. शोनबर्गसारख्या, तेव्हा बहुतेकांना कर्कश वाटणाऱ्या संगीतकाराची बाजू त्यांनी आयुष्यभर मांडली. म्हणजे नवं संगीत सहन न होणारा माणूस तो नव्हेच. संगीताचं विश्लेषण शब्दांनी नाही, संगीतानेच करायचं अशी त्यांची स्वतःची एक पद्धत होती: विश्लेषणासाठी लिहिलेले तुकडे मूळ रचनेच्या अध्येमध्ये वाजवायचे, भाषण शून्य. आणि १९६१ मध्ये त्यांनी सुझन ब्रॅडशॉ यांच्याबरोबर बीबीसी रेडिओवर एक खोडी काढली. हाताला येतील ती वाद्यं कशीही बडवून ध्वनिमुद्रण केलं आणि पिओत्र झाक नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या तरुण संगीतकाराची नवी रचना म्हणून ते प्रसारित केलं. समीक्षकांनी त्यावर गंभीरपणे परीक्षणं लिहिली. (रचना आवडली नाही असंच लिहिलं, पण लिहिलं.)

हे कळल्यावर क्लिप पुन्हा बघितली. आता तो प्रश्न वेगळा ऐकू येतो. सहा वर्षांपूर्वी याच माणसाने अर्थ नसलेला गोंगाट आणि अर्थ असलेला गोंगाट यांतला फरक कोणाला कळतो का, हे तपासलं होतं. आता खरा बँड समोर बसलाय आणि तो विचारतोय, तुमचा आवाज कशासाठी आहे ते सांगा. शेवटी तो निकाल देतो: हे थोडंसं बालपणाकडे परत जाणं आहे, पण का नको? ते 'का नको' कमेंटवाल्यांच्या कानांवरून निघून जातं.

केलरच्या बाजूने मी एवढं बोलले तरी एक दोष सांगायलाच हवा. गाण्याच्या आधी मत सांगून त्यांनी प्रेक्षकांचे कान बांधून टाकले. प्रश्नावलीत आधीच उत्तर सुचवणारा प्रश्न टाकला तर गाइड लाल पेन घेतात, त्यातलाच हा प्रकार. वॉटर्सचं उत्तरही कच्चंच. 'आम्हाला आवडतं' हे व्हायव्हात चालणार नाही. तरी दोन्ही पोरं चिडत नाहीत आणि 'हे तुम्हाला कळणार नाही' असं म्हणत नाहीत. तेवीस आणि एकवीस वर्षांची पोरं. मी सत्तावीसची.

दुसरी क्लिप याच्या बरोबर उलट. मार्च १९६३, अमेरिकेतला 'द स्टीव्ह ॲलन शो'. बावीस वर्षांचा फ्रँक झाप्पा, कोट-टाय, गुळगुळीत दाढी, सोबत दोन सायकली. (तो पुढे काटेकोर अर्थाने प्रोग्रेसिव्ह रॉकवाला झाला का, यावर लोक भांडतात. भांडू द्या.) तो सायकलच्या आऱ्यांवर काठ्या वाजवतो, व्हायोलिनचा गज फिरवतो, हँडलच्या नळीत फुंकतो. किती दिवस सायकल वाजवतोस असं विचारल्यावर सांगतो, दोनेक आठवडे. लोक खो खो हसतात. मग तो स्टुडिओतल्या वादकांना संगीताला शोभणार नाहीत असे आवाज काढायला लावतो, मागे त्याने आणलेली टेप लागते, आणि ॲलनही सायकल वाजवायला येतो.

बरेच जण म्हणतात टीव्हीने झाप्पाचा विदूषक केला. दुसरे म्हणतात झाप्पाने टीव्हीला फसवलं. मला दोन्ही पटत नाही. स्टीव्ह ॲलन स्वतः पियानोवादक आणि गीतकार होता, तो नुसता टिंगल करत नाही, टिंगल करता करता वाजवतोही. आणि झाप्पाला पक्कं माहीत आहे की इथे हसण्याशिवाय ऐकण्याचा दुसरा दरवाजा नाही. आपल्याकडे झाकीर हुसेन मैफलीत तबल्यावर रेल्वे सोडायचे, शंख-डमरू ऐकवायचे. शास्त्रीयवाल्यांपैकी काही नाकं मुरडायचे. पण शक्तीसारख्या गटात जॉन मॅक्लॉक्लिनबरोबर अवघड तिहाया वाजवणारा तो माणूस, रेल्वे ऐकायला आलेल्यालाच पुढची वीस मिनिटं बसवून ठेवायचा. रेल्वे थापच होती, तालात होती. झाप्पाच्या क्लिपेत मात्र रेल्वेच्या पुढे काही येत नाही. तिथेच ती कमी पडते. हसू संपलं की क्लिप संपते.

तिसरी क्लिप मी तुम्हाला मुद्दाम ऐकीव माहितीसाठी दाखवते. नोव्हेंबर १९६७, पिंक फ्लॉइड पहिल्यांदा अमेरिकेत. डिक क्लार्कच्या 'अमेरिकन बँडस्टँड'मध्ये रेकॉर्ड लावायची आणि ओठ हलवायचे, अशी पद्धत. कित्येक ठिकाणी तुम्हाला वाचायला मिळेल की सिड बॅरेटने तिथे ओठ हलवायला नकार दिला, नुसता टक लावून उभा राहिला. छान गोष्ट आहे. बंडखोर कलाकार, मूर्ख टीव्ही. फक्त क्लिप बघितली की त्यात त्याचे ओठ हलताना दिसतात. फार उत्साहाने नाही, पण हलतात. त्याच दौऱ्यात पॅट बूनच्या कार्यक्रमात तो गप्प राहिला असं बँडमधल्यांनी सांगितलेलं आहे. मला वाटतं दोन कार्यक्रम लोकांच्या आठवणीत एक झाले, आणि जास्त प्रसिद्ध असलेल्या कार्यक्रमाच्या नावावर गोष्ट जमा झाली. साहित्याच्या आढाव्यातही असंच होतं. मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या पेपरातला संदर्भ उचलायचा, तिसरा आपला उचलतो. माझ्याच पहिल्या मसुद्यात एक जालक स्थिरांक असा तीन हात फिरून आला होता. मूळ पेपर उघडला तर आकडा भलत्याच संयुगाचा.

चौथी क्लिप बघताना मात्र मजा येते. फोकस नावाचा डच बँड, १९७३, अमेरिकेतला 'द मिडनाइट स्पेशल', गाणं 'होकस पोकस'. मूळ तबकडीवर ते साडेसहा मिनिटांच्या वर आहे. इथे ते इतक्या वेगात वाजवतात की टेप पळवल्यासारखं वाटतं. थाइस व्हान लेअर गळ्यातून चित्रविचित्र आलाप काढतो, शीळ घालतो, बासरी वाजवतो, ऑर्गनवर हातही चालूच. सगळीकडे कारण एकच दिलेलं असतं: वेळ कमी दिली होती म्हणून घाई केली. असेलही. पण केलर आठवा. वेळ कमी मिळणारा प्रत्येक बँड वेग वाढवत नाही, बरेच जण कडवं कापतात. आणि त्याच वर्षी लंडनच्या रेनबो थिएटरात झालेल्या त्यांच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ऐका. तिथे टीव्हीचं घड्याळ नव्हतं, तरी गाणं मूळ तबकडीपेक्षा वेगातच आहे. म्हणजे वेग आधीच वाढत होता, टीव्हीने त्याला आणखी रेटलं असेल. एका निरीक्षणावर एक कारण चिकटवायच्या आधी तुलनेचं दुसरं निरीक्षण शोधायचं ते यासाठी. समीक्षा म्हणून विचाराल तर ही क्लिप मूळ रेकॉर्डपेक्षा सरस आहे असं माझं मत. साच्यात कोंबल्याने बिघडलं नाही असं हे एक उदाहरण, आणि 'टीव्हीने अवघड संगीताची वाट लावली' या सरसकट वाक्याला छेद द्यायला एक उदाहरणही पुरतं.

पाचवीवर फार थांबत नाही. १६ जुलै २००८, 'द कोल्बेअर रिपोर्ट', कॅनडाचा रश हा बँड. तीसहून जास्त वर्षांनी ते अमेरिकन टीव्हीवर वाजवत होते. स्टीफन कोल्बेअर त्यांना गमतीत विचारतो की तुमचं गाणं कधी इतकं लांबलं का, की शेवटाला पोचेपर्यंत तुमच्यावर त्याच गाण्याच्या सुरुवातीचा प्रभाव पडला? ते हसतात, प्रेक्षक हसतात, मग 'टॉम सॉयर' होतं. प्रश्न हुशार आहे, प्रेमाने विचारलाय, पण त्याला उत्तर नाही. म्हणून या क्लिपेतून रशविषयी नवं काहीच कळत नाही. हल्लीच्या पॉडकास्टांत बहुतेक असंच चालतं. केलरला बँड आवडत नव्हता आणि त्याच्या पाच मिनिटांतून जास्त हाती लागलं, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

आता माझ्याच मांडणीतला एक खड्डा मीच दाखवते, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी दाखवेल. पाच क्लिपांवरून मी इतकं बोलले, पण या पाचच का? कारण याच उरल्या. साठ-सत्तरच्या दशकांत व्हिडिओ टेप महाग होती, बीबीसीने कित्येक कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या. 'टॉप ऑफ द पॉप्स'चे साठच्या दशकातले बहुतेक भाग असेच गेले. जुलै १९६७ मधलं पिंक फ्लॉइडचं त्यातलं एक दर्शन कोणीतरी घरी रेकॉर्ड केलेल्या, खराब झालेल्या टेपेवरून सापडलं आणि २०१० मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दाखवलं. जे विचित्र होतं, गाजलं, किंवा कोणाच्या कपाटात राहिलं, ते आपण बघतो. ज्या शंभर कार्यक्रमांत एखादा बँड आला, नीट वाजवून, नीट बोलून घरी गेला, ते गेले. नमुना असा निवडलेला असेल तर निष्कर्षाची उडी लहान ठेवावी. म्हणून मी 'टीव्ही आणि प्रोग्रेसिव्ह रॉक यांचं नातं असं असं होतं' असं लिहिलेलं नाही, शोधून बघा.

आपल्या भागाचं काय? नांदेड-लातूरकडे प्रोग्रेसिव्ह रॉक टीव्हीवर बघून कोणी बँड काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आमच्या घरी रॉक हा शब्दच 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'मधून आला. लातूरचा रोहित राऊत त्यात अंतिम पाचांत होता, २००९च्या फेब्रुवारीत महाअंतिम फेरी झाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचे टीव्ही एकाच वाहिनीवर होते. पुढे तो 'इंडियन आयडॉल'मध्येही दुसरा आला. आमच्या आईच्या दृष्टीने रॉक म्हणजे लातूरचं पोरगं जे गातं ते. ही व्याख्या केलरलाही खोडून काढायला जड गेली असती.

परवा पुन्हा समितीसमोर गेले. तेच तज्ज्ञ नव्हते, प्रश्न मात्र साधारण तोच. या वेळी मी म्हणाले, "सर, या पदार्थाचं चुंबकत्व किती चिवट असावं हे झिंकच्या प्रमाणाने ठरवता येतं का, ते मी बघतेय. जमलं तर एकच पदार्थ वेगवेगळ्या कामांसाठी हवा तसा बनवता येईल." दोन वाक्यं. त्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, झिंकच कशावरून, कणांचा आकार का नाही? त्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच होतं. चार नमुने त्याच तापमानाला पुन्हा तापवायचे आहेत, भट्टीसाठी गुरुवारचा नंबर लागलाय.